उंच माणसाला मोठ्या सीसीचीच बाईक लागते का?

‘उंची सहा फूट असेल तर पहिली बाईक मोठ्या इंजिनाचीच घ्या, छोटीवर गुडघे दुखतील.’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. पटण्यासारखाही आहे, कारण मोठं इंजिन म्हटलं की मोठी गाडी डोळ्यांसमोर येते.

पण सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमधलं आकारमान. पाय किती दुमडतील हे सीट आणि फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) यांच्यातल्या अंतरावर ठरतं. २५० सीसीच्या अनेक ऑफ-रोड बाईकची सीट ८५० मिलिमीटरहून उंच असते. उलट हजार सीसीवरच्या कित्येक क्रूझरची (आरामात बसून चालवायच्या लांबट बाईकची) ७००च्या आसपास. (नुसत्या सीटच्या उंचीवरही जाऊ नका. पेगही तेवढेच वर असतील तर गुडघे दुमडलेलेच राहणार.)

पडताळणी सोपी आहे. गाडी मुख्य स्टँडवर घ्या किंवा कुणाला तरी धरायला सांगा, दोन्ही पाय पेगवर ठेवा आणि दहा मिनिटं तसेच बसा. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. ते गुडघ्याला अडत असेल तर वळणावर, हळू वेगात त्रास होणारच. गिअर आणि ब्रेकचा पेडल बुटासकट दाबून बघा.

नवख्या हाताला जास्त ताकद आणि वजन सांभाळणं अवघड जातं, मग उंची कितीही असो.