किडनीची तपासणी करायला आलात? रिपोर्ट येईपर्यंत हे वाचा

आमच्या लॅबमध्ये यावल-रावेरकडची बरीच मंडळी सकाळीच येतात आणि रिपोर्ट घेऊनच परततात. तेवढ्या वेळात वाचायला हे पान.

किडनी म्हणजे चाळणी, असं सगळेच म्हणतात. पण ते अर्धंच काम झालं. प्रत्येक किडनीत साधारण 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे बारीक घटक असतात. त्यांतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांमधून पाणी, मीठ, साखर, युरिया (शरीरातला टाकाऊ पदार्थ) असं सगळंच दाबाने बाहेर गाळलं जातं; रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिनं तेवढी आत राहतात. असं दिवसाला सुमारे 180 लिटर! लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते, कारण नेफ्रॉनमधल्या पुढच्या नळ्या कामाचं ते परत रक्तात ओढून घेतात. साखर जवळजवळ सगळी, पाणी आणि मीठ गरजेप्रमाणे. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की लघवी कमी आणि गडद होते, ती याच हिशेबाने. तेव्हा पाणी कमी प्यायलेल्या माणसाचा रक्तातला युरियाही वाढलेला दिसू शकतो.

क्रिएटिनिन हाही टाकाऊ पदार्थच. तो स्नायूंमध्ये रोज साधारण सारखाच तयार होतो आणि नळ्या तो परत घेत नाहीत. म्हणून ते रक्तात साठू लागलं की गाळणं मंदावलं, असं डॉक्टर धरतात. पण हा आकडा उशिरा बोलतो. किडनीची निम्मी ताकद गेली तरी तो कधीकधी नॉर्मलच असतो. शुगर किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) ही तपासा. बिघाड तिथे बहुधा आधी दिसतो. आणि कंबर धरली म्हणून मेडिकलमधून रोज दुखण्याची गोळी घेत असाल, तर ते डॉक्टरांना सांगाच, कारण अशा गोळ्यांनी किडनी बिघडू शकते. लोक नेमकं हेच लपवतात.

'केळी बंद करू का?' हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. किडनी धडधाकट असेल तर खुशाल खा. केळीतलं जादा पोटॅशियम ती बाहेर टाकते. किडनी कमजोर होऊन रक्तात पोटॅशियम वाढलं असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढीच.

नुसत्या क्रिएटिनिनसाठी उपाशीपोटी यायची गरज नाही. आदल्या रात्री मटणाचा बेत टाळा, त्याने आकडा थोडा चढतो. अल्ब्युमिनसाठी सकाळची पहिली लघवी लागते, डबी आदल्या दिवशीच काउंटरवरून न्या.