समितीच्या आधी पाळी होती

पणजी-मडगावकडच्या बहुतेक वसाहतींत आज रहिवाशांची संघटना असते आणि तिच्या हाताखाली स्वच्छता, उत्सव, सुरक्षा अशा लहान समित्या. बिनपगारी माणसे कामावरून घरी येऊन, चहा घेऊन बैठकीला बसतात. हे सगळे फ्लॅटसंस्कृतीबरोबर आले असा सर्वसाधारण समज आहे. नोंदणी आणि शिक्का तेव्हा आला हे खरे, पण गावाचे काम वाटून घेण्याची रीत गोव्यात पोर्तुगिजांच्याही आधीची.

तिचे जुने रूप म्हणजे गावकरी, म्हणजेच गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणारी ग्रामसंस्था. १५२६ साली पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोन्सु मेशिया यांनी तिच्या चालीरीती फोराल नावाच्या सनदेत नोंदवून घेतल्या आणि पुढे तिला कोमुनिदाद हे नाव पडले. जमीन सामाईक, शेते लिलावाने कसायला द्यायची, येणाऱ्या पैशातून देऊळ, वाटा, पाणी आणि बांध सांभाळायचे, उरेल ते गावकारांत, म्हणजे तिच्या सभासदांत, वाटायचे.

यातला बांध सर्वांत महत्त्वाचा. खाजन शेती नदीच्या खाऱ्या पाण्याला लागून असते आणि मधे असतो तो चिखलमातीचा बांध. बांधात मानस, म्हणजे पाणी अडवायची-सोडायची झडप, बसवलेली असते. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच तिची लाकडी दारे मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातले पाणी नदीत जाते. खेकड्यांनी बांध पोखरला तर भोक वेळीच बुजवावे लागते, नाहीतर खारे पाणी एकट्याच्या नव्हे, सगळ्यांच्याच भातात शिरते. ‘माझे शेत लांब आहे’ म्हणून अंग काढून घ्यायची सोयच नव्हती.

म्हणून गावकरीचे गोडवे गावेत असेही नाही. गावकारपण वंशाने मिळे, तेही पुरुषांना. बायकांना आणि मुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, त्या सभेत जागा नव्हती. मुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने बांधांची जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघटनांकडे गेली. मानशीवरच्या मासळीच्या लिलावाला गर्दी आणि बांधावर माती टाकायला कोणी नाही, ही तक्रार खाजनाच्या गावांत आजही ऐकू येते.

दुसरा धागा भजनाचा. वास्कोत दामोदराचा भजनी सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, साथीच्या दिवसांत सुरू झाला असे सांगतात. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी देवापुढे श्रीफळ ठेवले की चोवीस तास भजन अखंड चालते. वेगवेगळ्या समाजांचे आणि व्यवसायांचे गट पाळीने बसतात, रात्री त्यांचे पार, म्हणजे मिरवणुका, वाजतगाजत येतात. मध्यरात्री दोनची पाळी कोणाची, हे आधीच ठरलेले असते. मला विचाराल तर आजच्या समित्यांनी गिरवावा असा धडा हाच आहे. पाळी ठरलेली असली की न येणारा आपोआप दिसतो, त्याला नोटीस काढावी लागत नाही.

शाळाही अशाच उभ्या राहिल्या. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था सुरू झाली, ती घरोघरी बाजूला काढलेल्या मूठभर तांदळाच्या बळावर. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर हिंदू समाजाच्या अशा संस्थांना मोकळीक मिळाली.

कायद्याची चौकट बरीच उशिरा आली. १९९४ च्या पंचायतराज कायद्याने ग्रामसभेला पंचायतीच्या कामांवर देखरेख समित्या नेमायची मुभा दिली. कागदावरची ही मुभा खऱ्या अर्थाने वापरली गेली ती राज्यातला जमीनवापर ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्याच्या वादात. २०११ सालापर्यंतचा आराखडा लोकांच्या रेट्यापुढे २००७ साली मागे घ्यावा लागला आणि २०२१ पर्यंतच्या आराखड्यासाठी गावोगाव समित्या बसल्या. सर्व्हे नंबर, डोंगरउतार, शेते यांचे नकाशे लोकांनी स्वतः ताडून पाहिले.

वसाहतींची अडचण वेगळी आहे. सहकार कायदा व्यवस्थापक मंडळाची विचारपूस करतो, बाकी समित्या रहिवाशांच्या मर्जीवर चालतात. आणि किनाऱ्याकडच्या कित्येक इमारतींत मालक वर्षातले थोडेच दिवस येतात. बारमाही राहणारी मोजकी घरे, त्यातली निम्मी वयस्कर. गटार तुंबले की फोन फिरतो तो त्यांच्याकडेच.