हस्तलिखिताचे संपादन (कोल्हापूर परिसर)

लेखकाने प्रकाशकाच्या हाती दिलेला मजकूर वाचून, तपासून, गरज असेल तिथे लेखकाकडून पुन्हा लिहवून घेऊन त्याची छपाईजोगी ‘मुद्रणप्रत’ तयार करण्याचे काम म्हणजे हस्तलिखिताचे संपादन. आता बहुतेक लेखक संगणकावरची फाइल पाठवतात, तरी व्यवसायात तिला हस्तलिखितच म्हणतात. मुद्रितशोधन, म्हणजे प्रुफे (छपाईआधी तपासायला काढलेली पाने) वाचणे, हे यापेक्षा वेगळे आणि नंतरचे काम. मुद्रितशोधक प्रूफ मुद्रणप्रतीबरहुकूम आहे का ते पाहतो. मुद्रणप्रत कशी असावी हे संपादक लेखकाशी बोलून ठरवतो. नव्या लेखकांची इथे नेहमी गल्लत होते आणि पुस्तक ‘नुसते शुद्धलेखन तपासून’ छापले जाते.

छापखाना येण्याआधीही हे काम होतेच. पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप देत आणि वाळल्यावर त्यावर नवे अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. सुटलेला शब्द कुठे घालायचा ते दाखवण्यासाठी ओळीत कावळ्याच्या पायासारखी खूण करत. ती काकपदाची खूण आजच्या प्रुफांवरही तशीच आहे. संत एकनाथांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला, हे मराठीतले ग्रंथसंपादनाचे ठळक जुने उदाहरण. विसाव्या शतकात ‘मौज’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी मुंबईत संपादकाच्या कामाला जो मान मिळवून दिला, तो आजही या व्यवसायात मापदंड मानला जातो.

कोल्हापुरात वाचन आणि ग्रंथव्यवहाराची परंपरा जुनी आहे. भाऊसिंगजी रोडवरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे. प्रा. विष्णू गोविंद विजापूरकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथूनच ‘ग्रंथमाला’ हे मासिक चालवले. वि. स. खांडेकर अनेक वर्षे इथे राहून लिहीत होते. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि प्रबंधांची पुस्तके करण्याचे काम वाढले. तरीही इथल्या लेखकांची पुष्कळ हस्तलिखिते आधीपासून पुण्या-मुंबईला जात आली आहेत; शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली पुण्यातच प्रसिद्ध झाली. लिहिणारा पंचगंगेकाठचा आणि तपासणारा मुठेकाठचा, ही स्थिती कोल्हापूरच्या हस्तलिखितांना नवी नाही. या भागातल्या संपादनाचे बरेचसे प्रश्न त्यातून उभे राहतात.

पहिले वाचन हातात पेन्सिल न घेता करावे, असा चांगल्या संपादकांचा रिवाज आहे. पेन्सिल हातात असली की डोळा ऱ्हस्व-दीर्घात अडकतो आणि तिसऱ्या प्रकरणात मेलेला म्हातारा सातव्यात चहा पितोय, हे निसटते. या वाचनानंतर लेखकाला लेखी अभिप्राय जातो. कोणते प्रकरण लांबले, कोणते पात्र मध्येच सुटले, सुरुवातीची वीस पाने काढली तर चालतील का, असे मोठे प्रश्न त्यात असतात. उत्तरे लेखकाने शोधायची. संपादकाने स्वतः प्रकरण लिहून देऊ नये. तसे झाले की पुस्तकात दोन आवाज ऐकू येतात.

यानंतर भाषेचे संपादन. मराठी साहित्य महामंडळाने केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यात आणखी ४ नियमांची भर पडली. मुद्रणप्रत या १८ नियमांना धरून तयार करतात. रोजच्या कामात सर्वांत जास्त चुका सामान्यरूपात सापडतात. ‘विहीर’ दीर्घ, पण ‘विहिरीत’ ऱ्हस्व. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलांचा’ ऱ्हस्व. अशा दुरुस्त्या लेखकाला न विचारता कराव्यात. त्यात वादाला जागा नाही.

वादाला जागा आहे ती बोलीत. पात्राचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहायला नियमांनीच मोकळीक दिली आहे, पण ती वापरायची तर कान लागतो. एक पान पाहू. विहिरीवरून निघालेली बाई शेजारणीला म्हणते, ‘मी येतो गं, धार काढायची हाय.’ बाहेरगावचा संपादक ‘येतो’वर रेघ मारून समासात ‘येते’ लिहितो. त्याला वाटते, लिंगाची चूक आहे. पण कोल्हापूर भागात बायका स्वतःबद्दल ‘मी येतो’, ‘मी करतो’ असेच बोलतात. त्या एका मात्रेने बाईचे गावच बदलते. ती दुरुस्ती मागे घ्यायची तर शब्दाखाली ठिपके देऊन समासात ‘तसेच’ लिहितात. कोल्हापूरकडच्या ग्रामीण कादंबरीच्या प्रुफांवर हा ‘तसेच’ जितका जास्त, तितके आधीचे संपादन घाईचे, असे बेलाशक समजावे.

‘काय करालायस?’ म्हणजे ‘काय करायला लागलायस’. ते ‘करतोयस’ करू नये. ‘कवा आलासा?’ यातला ‘सा’ आदराचा आहे, तो काढला तर सून सासऱ्याला अरे-तुरे करते. ‘बस की’, ‘ये की’ यांतला ‘की’ काही जोडत नाही. तो आग्रह आहे आणि त्याआधी स्वल्पविराम टाकला की आग्रह मोडतो. गुऱ्हाळाच्या प्रकरणात ‘रवा’ म्हणजे गुळाची ढेप. शिऱ्याचा रवा समजून कोणी तिथे ‘रव्याचे पोते’ केले तर सगळा प्रसंग बिघडतो. काहील, चुलवाण, गुळव्या हे शब्दही कंसात अर्थ देऊन छापायची गरज नसते. मजकुरात काम चालू असताना ते आपोआप कळतात. आनंद यादव मूळचे कागलचे. त्यांची ‘गोतावळा’ (१९७१) ही कादंबरी संवादांसह निवेदनातही गावच्या बोलीत आहे आणि राज्यभरच्या वाचकांनी ती वाचली. ‘बोली बाहेरच्यांना कळणार नाही’ ही धास्ती फार ताणायचे कारण नाही.

बोलीत शिस्त मात्र हवी. एकाच म्हातारीच्या तोंडी ‘न्हाई’, ‘न्हाय’ आणि ‘नाय’ तिन्ही येत असतील, तर त्यातले खरे तिचे कोणते ते लेखकाला विचारावे. गगनबावड्याकडचे बोलणे कोकणाच्या शेजाराचे, गडहिंग्लजकडचे कानडीच्या. यासाठी संपादक प्रत्येक पात्राची शब्दयादी करतो. लेखकाने प्रकरण मोठ्याने वाचून दाखवले तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. संपादक पुण्यात बसला असेल तरी फोनवर एवढे होते, आणि ते व्हायलाच हवे.

स्थानिक इतिहासावरची पुस्तके कोल्हापुरात मुबलक लिहिली जातात. त्यांच्या संपादनात तपासणीचा भाग मोठा. जुने कागद मोडी लिपीत असतात आणि मोडीत वेलांटी आणि उकार यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत. म्हणून कागदाचे देवनागरीत लिप्यंतर करताना कोणती पद्धत धरली, हे प्रस्तावनेत सांगावे लागते. शकाचा इसवी सन करताना ७८ मिळवतात, पण तारीख १ जानेवारीनंतरची, साधारण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९. सगळ्यांत नेहमीचा घोटाळा नावांचा. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधल्या वारणेच्या तहात (१७३१) येणारे शाहू साताऱ्याचे. १८९४ मध्ये गादीवर आलेले राजर्षी शाहू (१८७४–१९२२) कोल्हापूरचे. मजकुरात दोघे वेगळे असले तरी पुस्तकाच्या शेवटची नावांची सूची करताना त्यांची पाने एका नावाखाली जातात. म्हणून सूची पाने पक्की झाल्यावर, विषय जाणणाऱ्यानेच करावी.

अक्षरजुळणीच्या टप्प्यावर मजकूर पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचावे लागते. लेखकाची फाइल युनिकोडमध्ये आणि पाने लावणाऱ्याकडचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा असेल, तर रूपांतरात जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो. गगनबावड्याच्या ‘दऱ्या’ अशा वेळी ‘दर्या’ होतात आणि घाटमाथ्यावर समुद्र येतो. ‘आचाऱ्याला’चे ‘आचार्याला’ झाले की लग्नघरचा स्वयंपाकी धर्मगुरू ठरतो. हे दोन्ही शब्द कोशात असल्याने संगणकाचा शब्दतपासनीस त्यावर बोट ठेवत नाही. माणसानेच ओळ न् ओळ वाचायची. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकत्र छापून घडी घालायच्या गठ्ठ्यांमध्ये, छापतात. शेवटच्या फॉर्मला दोन पाने जास्त झाली तर ती कुठून कमी करायची, हा निर्णयही संपादकाकडे येतो. अशा वेळी घाईने परिच्छेद कापण्यापेक्षा प्रकरणांच्या सुरुवातीची मोकळी जागा कमी करून पाहावी.

या सर्व बदलांना लेखकाची संमती लागते. ही नुसती रीत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार, आपल्या नावाला बाध येईल अशी मोडतोड लेखनात झाली तर लेखक हरकत घेऊ शकतो, मग हक्क प्रकाशकाला दिलेले असोत वा नसोत. कादंबरीत कोणाची कविता उद्धृत केली असेल आणि कवीच्या निधनाला साठ वर्षे झाली नसतील, तर वारसांची परवानगी छपाईपूर्वी घ्यावी. प्रकाशनाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून ती मिळत नाही.

शेवटच्या प्रुफावर लेखक पानोपानी सही करतो किंवा पहिल्या पानावर ‘छपाईस हरकत नाही’ असे लिहून तारीख घालतो. खिळ्यांच्या छपाईच्या काळात त्यानंतर सापडलेल्या चुकांसाठी पुस्तकात शुद्धिपत्राचे पान डकवत. आता शुद्धिपत्र क्वचितच दिसते. त्याऐवजी छापून आलेली एक प्रत संपादक बाजूला ठेवतो, वाचकांनी कळवलेल्या आणि स्वतःला दिसलेल्या चुका तिच्या समासात लाल शाईने टिपत जातो, आणि दुसरी आवृत्ती निघते तेव्हा पाने लावणाऱ्यापुढे पहिल्यांदा तीच प्रत उघडली जाते.