जवस गिळायचं की कुटायचं?

भाकरी, जवसाची चटणी आणि वरून करडईच्या कच्च्या तेलाची धार, एवढ्यावर लातूर-परभणीकडची कित्येक जेवणं उरकतात. अलीकडे मात्र रोज सकाळी चमचाभर अख्खं जवस पाण्याबरोबर गिळायची टूम निघाली आहे. जवसाचं टरफल टणक आणि गुळगुळीत. न चावलेला दाणा बहुधा जसा गेला तसाच बाहेर पडतो, आणि त्यातलं ४० टक्क्यांच्या आसपासचं तेलही त्याच्याबरोबर जातं. भाजून कुटलं, की काम होतं.

दाण्याबाहेर आलेलं तेल पचायला अवघड नसतं. लहान आतड्यात पित्त त्याचे बारीक बारीक थेंब करतं. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेली असतात. स्वादुपिंडातलं लायपेज हे विकर त्यातली कडेची दोन तोडतं, मधलं तसंच ठेवतं. मग हे तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरतात. खायच्या तेलांचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग असा शोषला जातो. म्हणून अमुक तेल हलकं, तमुक जड, या गप्पांत फारसा दम नाही. पोट जड होतं ते तेल जास्त झाल्यामुळे, कारण तेलकट जेवणानंतर जठर सावकाश रिकामं होतं.

आता दाह, म्हणजे सूज, लाली, ठणका. जवसाच्या तेलात साधारण निम्मं अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ असतं. त्यापासून शरीर ईपीए हे दुसरं ओमेगा-३ मेदाम्ल बनवतं आणि ईपीएपासून दाह शमवणारे रेणू. पण हे रूपांतर जेमतेम काही टक्के होतं. जवसाने गुडघे बरे झाले म्हणणाऱ्यांवर मी तरी विसंबणार नाही.

करडईची गोष्ट उलटी. तिच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात ७० टक्क्यांहून अधिक लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६. त्यापासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल आणि पुढे दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिनं बनू शकतात, म्हणून ती उगाच बदनाम झाली. माणसांवरच्या चाचण्यांत लिनोलेइक आम्ल वाढवूनही रक्तातले दाहाचे निर्देशक वाढलेले आढळत नाहीत.

जपायचं ते कढईत. ओमेगा-३ काय, ओमेगा-६ काय, त्यांच्यातले दुहेरी बंध उष्णतेने आणि हवेने लवकर बिघडतात. जवसाचं तेल तर तळणाला घेऊच नये. तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून बिघडल्यावर तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांवर गेली की ते वापरू नये, असा आपल्याकडे नियम आहे. घरी ते मोजणार कोण? तेल काळपट-चिकट झालं, तापताना फेस धरू लागलं, तर त्यात पुढचा घाणा सोडू नका.