पाला मिक्सरमध्ये टाकण्यापूर्वी

श्रीलंकेत सकाळच्या वेळी रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यातून गरमगरम हिरवी पेज विकतात. तिचं नाव कोळ कॅंद. तांबडा तांदूळ मऊ शिजवायचा, त्यात नारळाचं दूध घालायचं, आणि पातेलं उतरवायच्या बेतात असताना ताज्या पाल्याचा वाटून गाळलेला रस ओतायचा. एक उकळी आली न आली की आच बंद. पाला बहुतेक वेळा गोटुकोळाचा असतो. ही आपल्याकडे ओढ्याकाठी, पाणथळ जागी जमिनीसरशी पसरणारी मंडूकपर्णी. महाराष्ट्रात पुष्कळ घरांत तिलाच ब्राह्मी म्हणतात. कधी शतावरीचा पाला असतो, कधी आणखी कुठला. पेजेसोबत गुळाचा खडा देतात. पेजेचा एक घोट घ्यायचा आणि गुळाचा एक तुकडा तोडायचा.

उष्ण प्रदेशातली ही हिरवी स्मूदीच म्हणा ना. फक्त ती कच्ची नाही. तिच्यात चरबी आहे, पिष्ट आहे आणि पाला बेताचा आहे. हल्लीच्या ग्रीन स्मूदीत नेमकं उलटं असतं. जुडीभर कच्चा पालक, केळं, काकडी, आलं, हळद, वर ‘इम्युनिटीसाठी’ गुळवेलीची पूड, आणि चरबीचा थेंब नको म्हणून सगळं पाण्यात. हे पेय वाईट आहे असं मी म्हणणार नाही. सकाळी दोन खारी आणि गोड चहा घेण्यापेक्षा ते बरंच आहे. पण औषधी म्हणून जे जे हाताला लागेल ते एका भांड्यात फिरवलं की गुणांची बेरीज होते, ही समजूत रसायनशास्त्राला मान्य नाही.

आधी चरबीचं पाहू. पाल्यातलं बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते पाण्यात विरघळत नाही. आतड्यात चरबी आणि पित्त मिळून जे सूक्ष्म थेंब तयार होतात, त्यांच्यातच बसून ते आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतं. के जीवनसत्त्वाचंही तेच. फार तेल-तूप लागतं असं नाही, एका वेळच्या खाण्यात तीन ते पाच ग्रॅम चरबी पुरते. ओल्या नारळात साधारण एक तृतीयांश चरबी असते, म्हणजे खोवलेलं खोबरं दोन चमचे भरून घातलं की काम झालं. तळकोकणात गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी होते, ती खोबऱ्याशिवाय होतच नाही. ते चवीसाठीच घातलं जात असणार, पण जीवनसत्त्वांनाही गाडी मिळाली. एरवी पालक पाण्यात फिरवून उपाशीपोटी प्यायला, तर त्यातलं बरंचसं कॅरोटीन जसं आलं तसं निघून जातं.

मिक्सरने एक चांगलं काम होतं, ते मान्य केलं पाहिजे. पाल्याच्या पेशींच्या भिंती आपल्या दातांनी जेवढ्या फुटतात त्याच्या कितीतरी पट त्या पात्यांनी फुटतात आणि आतला ऐवज मोकळा होतो. पण त्याच धडाक्यात पेशींच्या वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली विकरंही (एन्झाइम) मोकळी होतात आणि समोर येईल त्यावर काम सुरू करतात. काकडीत क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण करणारं विकर भरपूर असतं. काकडी चिरून ठेवली तर फारसं बिघडत नाही, पण लगदा करून तासभर ठेवला तर त्या पेल्यातलं क जीवनसत्त्व घटत जातं. लिंबू पिळलं की आम्लतेमुळे हे विकर मंदावतं. केळं कापल्यावर काळं पडतं ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी काही निरोगी पुरुषांना एकदा केळ्याची स्मूदी दिली, एकदा बेरींची, आणि एकदा नुसती फ्लॅव्हॅनॉलची कॅप्सूल. फ्लॅव्हॅनॉल ही चहा, कोको, सफरचंद, द्राक्षं यांतली हृदयाला उपकारक मानली जाणारी द्रव्यं. केळ्याच्या स्मूदीनंतर रक्तातलं त्यांचं प्रमाण कॅप्सूलच्या मानाने ८४ टक्के कमी भरलं. केळं वाईट ठरलं असा याचा अर्थ नाही. शिकरण खुशाल खा. पण द्राक्षं किंवा कोको मुद्दाम घालणार असाल तर जोडीला केळ्याऐवजी आंबा किंवा अननस घ्या, त्यांच्यात हे विकर कमी असतं.

अननसाची तऱ्हा निराळी. त्यात ब्रोमेलेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर असतं. ताजा अननस दह्या-दुधात फिरवून ठेवला, तर थोड्या वेळाने पेय कडवट होतं, कारण दुधातल्या प्रथिनांचे तुकडे कडू लागतात. कच्च्या पपईत याच घराण्यातलं पपेन असतं. अननसाच्या फोडी दोन मिनिटं वाफवल्या की विकर मरतं आणि तक्रार मिटते. शिऱ्यात अननस शिजूनच जातो, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

आता पालकाकडे येऊ, कारण खरी मेख इथे आहे. १०० ग्रॅम पालकात साधारण ६०० ते १००० मिलिग्रॅम ऑक्झॅलेट असतं. पोटात ते कॅल्शियमला भेटलं की दोघांचा न विरघळणारा क्षार बनतो आणि शौचावाटे जातो. कॅल्शियम भेटलं नाही तर ऑक्झॅलेट रक्तात शिरतं, मूत्रपिंडात पोचतं आणि तिथे कॅल्शियमशी गाठ पडून स्फटिक होतात. एरवी आपण पालक खाऊन खाऊन किती खाणार? जुडी शिजली की वाटीभर होते आणि ती चौघांत वाटली जाते. मिक्सरने ही मर्यादा काढून टाकली. अख्खी जुडी एका माणसाच्या पेल्यात मावते, तीही रोज. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी एका ६५ वर्षांच्या बाईंची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांची मूत्रपिंडं आधी व्यवस्थित होती. ‘शरीरशुद्धी’साठी म्हणून हिरव्या स्मूदी पिणं सुरू झालं आणि ऑक्झॅलेटच्या स्फटिकांनी मूत्रपिंडं निकामी झाली. यात दोन गोष्टी आधीपासून होत्या: पूर्वी झालेली जठराची बायपास शस्त्रक्रिया आणि नुकताच संपलेला प्रतिजैविकांचा लांबलचक कोर्स. बायपासनंतर न पचलेली चरबी आतड्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवते, मग ऑक्झॅलेट मोकाट सुटतं. आणि ऑक्झॅलेटवर जगणारे आतड्यातले जिवाणू प्रतिजैविकांनी मरतात. निरोगी माणसाने एका पेल्याला घाबरून जावं असं यात काही नाही. मुतखड्याची खोड असलेल्याने मात्र कच्च्या पालकाचा रतीब लावू नये.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. उकळत्या पाण्यात पालक दोन-तीन मिनिटं बुडवून ते पाणी फेकून दिलं की विरघळणाऱ्या ऑक्झॅलेटचा बराच भाग पाण्याबरोबर जातो. दही किंवा ताक घातलं की त्यातलं कॅल्शियम उरलेल्याला पोटातच अडवतं. ताकातला पालक करणाऱ्या घरांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मेथीत ऑक्झॅलेट पालकाच्या मानाने बरंच कमी, पण मेथीची कच्ची स्मूदी पिणाऱ्याला माझा लांबून नमस्कार.

अळूचं पान मिक्सरमध्ये कुणी टाकू नये हे सांगायची वेळ येऊ नये, पण ‘सगळा हिरवा पाला चांगला’ म्हणणाऱ्यांचा नेम नाही. अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या दोन्ही टोकांना धार असलेल्या सुया जुड्या बांधल्यासारख्या असतात. त्या इतक्या बारीक की मिक्सरच्या पात्याच्या हाती लागत नाहीत. उलट पेशी फुटल्याने मोकळ्या होऊन जिभेत आणि घशात रुततात. फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका घालून अळू गळेपर्यंत शिजवतात, ते उगाच नाही.

स्मूदीसाठी मी निवडीन तो शेवग्याचा पाला. १०० ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, क जीवनसत्त्व भरपूर, कॅरोटीन तर विचारूच नका. कच्चा वाटला की त्याला एक झणका येतो. मोहरी आणि मुळ्याच्या तिखटपणामागे जी रसायनं आहेत त्यांचेच भाऊबंद इथेही असतात. पान फुटलं की विकर त्यांच्यावर काम करतं आणि झणका तयार होतो. मिनिटभर गरम पाण्यातून काढला की तो सौम्य होतो. शिवाय पावसाळ्यात कुठलाच पाला कच्चा घेऊ नये. भाजी कुठल्या पाण्यावर वाढली ते आपल्याला माहीत नसतं. मुंबईत रेल्वेरुळांकडेला गटाराच्या पाण्यावर पिकणारी पालेभाजी सगळ्यांनी पाहिली आहे. सांडपाण्यातून पट्टकृमीची अंडी पानाला चिकटून येतात आणि नळाखाली एकदा धरल्याने ती जातीलच असं नाही.

मसाल्यांत सगळ्यात जास्त बोलबाला हळदीचा, आणि तिच्या मागोमाग मिऱ्याचा. ‘मिरी घातली की हळद दोन हजार टक्के जास्त लागू पडते’ हे वाक्य तुमच्याही फोनवर आलं असेल. आकडा खोटा नाही. तो बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या १९९८ च्या प्रयोगातला आहे. मिऱ्यातलं पायपरिन हे यकृत आणि आतडं हळदीतल्या कर्क्युमिन या द्रव्याला ज्या प्रक्रियेने बाहेर काढतात तिलाच आवर घालतं. पण त्या प्रयोगात माणसांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन आणि २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं होतं. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. अर्धा चमचा हळद म्हणजे दीड ग्रॅम, त्यात कर्क्युमिन सुमारे ४५ मिलिग्रॅम. प्रयोगातली मात्रा गाठायला ६५ ग्रॅमच्या आसपास हळद, म्हणजे वीसेक चमचे, आणि जोडीला दहा-बारा मिरे लागतील. शिवाय नुसतं कर्क्युमिन रक्तात जवळजवळ नगण्य उतरतं; नगण्याची वीस पट ही काही मोठी रक्कम नव्हे. तेव्हा हळद घाला, मिरीही घाला, पण चवीला. चिमूटभर हळदीने संधिवात जाईल या आशेवर गोळ्या बंद करू नका.

याची दुसरी बाजूही आहे. कर्क्युमिनला आवर घालणारी जी प्रक्रिया पायपरिन रोखतं, तसल्याच प्रक्रियांनी शरीर अनेक औषधांची विल्हेवाट लावतं. फिटसाठी दिलं जाणारं फेनिटॉइन पायपरिनमुळे रक्तात वाढलेलं आढळलं आहे. जेवणातल्या मिऱ्याने बिघडत नाही. हळद-पायपरिनच्या तीव्र कॅप्सूल फोडून स्मूदीत टाकण्याची जी नवी टूम आहे, तिच्याबद्दल मी बोलतो आहे. अशा हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत वाढत्या संख्येने होत आहेत.

गुळवेलीचा प्रश्न आपल्या दाराशीच आला. करोनाच्या पहिल्या वर्षी घरोघरी काढे उकळले जात होते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण मिळाले, सगळे गुळवेल घेणारे. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते, तसं चित्र त्यांच्यात दिसलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात चुकून वापरली जाते याकडे बोट दाखवलं. ही गफलत होते हे खरंच. बाजारातली पूड पाहून कुणालाच वेल ओळखता येणार नाही. पण पुढे देशातल्या १३ केंद्रांमधून ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यातही तसंच चित्र होतं. प्रतिकारशक्ती चेतवणारी वनस्पती, ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच भलतीकडे वळायच्या बेतात आहे त्याला, कदाचित थायरॉइडचा तसलाच आजार असलेल्याला, नको तितकी चेतवते, असा तर्क आहे. वैद्याने पाहून ठरावीक दिवस दिलेली गुळवेल आणि नाश्त्याच्या पेल्यात वर्षभर रोज चमचाभर गुळवेल यांत फरक आहे. तिथे आयुर्वेदही माझ्याच बाजूने बोलेल.

दुधीभोपळ्याचा रस पिणाऱ्यांसाठीही एक सांगायचं आहे. दुधी, काकडी या वर्गात क्युकरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं कधीकधी वाढतात. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या झाल्या, माणसं दगावलीही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने सल्ला दिला तो साधा आहे: रस काढण्यापूर्वी फोड चाखा, कडू लागली तर अख्खा दुधी फेका, आणि दुधीचा रस दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका. शेवटचा भाग स्मूदीवाल्यांसाठी महत्त्वाचा, कारण आलं, आवळा, कारलं यांच्या गर्दीत ते कडूपण लपतं.

‘क्लोरोफिल म्हणजे हिरवं रक्त’ यावर फार वेळ घालवत नाही. दोन्ही रेणूंची कडी सारख्या घडणीची आहे, पानातल्या क्लोरोफिलमध्ये मध्यभागी मॅग्नेशियम, रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीम या रेणूमध्ये लोह. शरीर मात्र एकाचं दुसरं करत नाही. लिंबू पिळल्यावर स्मूदी हळूहळू शेवाळी-खाकी होते, ते आम्लाने तो मॅग्नेशियम बाहेर काढल्यामुळे. रंग गेला तरी लिंबू सोडू नका. पाल्यातलं लोह शोषलं जायला क जीवनसत्त्वाची मदत होते.

मग पेल्यात काय? दोघांसाठी मूठभर शेवग्याची पानं, देठ काढून मिनिटभर गरम पाण्यातून काढलेली. एका आंब्याचा गर, नाहीतर पिकलेल्या पपईच्या फोडी. दोन चमचे ओलं खोबरं, नखाएवढं आलं, तीन-चार मिरे, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ. पाणी घालून फिरवा, शेवटी लिंबू पिळा आणि लगेच प्या. गाळू नका, चोथ्यातच तंतू आहेत. पालक घालायचा तर उकडून, खोबऱ्यासोबत दही घालून, आणि आठवड्यातून एक-दोनदा.

रक्त पातळ राहावं म्हणून अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉर्फरिन घेणाऱ्यांनी मात्र सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पाल्यातलं के जीवनसत्त्व या गोळ्यांच्या थेट विरुद्ध काम करतं. पालेभाजी वर्ज्य करायची गरज नसते. रोजचं प्रमाण सारखं असलं की डॉक्टर गोळीचा डोस त्यानुसार बसवतात. आठवडाभर रोज दोन पेले आणि पुढचा आठवडाभर काहीच नाही, असं झालं की रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा वरखाली होतो.