प्रॉग्नॉस्टिक फॅक्टर आणि इफेक्ट मॉडिफायर एका पोत्यात भरू नका

गेल्या आठवड्यात राजारामपुरीत एका डॉक्टर मित्राच्या टेबलावर गुळगुळीत कागद पडला होता. एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजाराच्या) रुग्णांत पक्षाघात किंवा इतरत्र गुठळी अडकण्याचं वर्षाचं प्रमाण, रक्त पातळ करणाऱ्या दोन औषधांवर: डॅबिगॅट्रान १५० वर १.११ टक्के, रिव्हरॉक्सबॅनवर २.१ टक्के. "जवळजवळ दुप्पट की रे," मित्र म्हणाला. दोन्ही औषधं ज्या जुन्या औषधाशी ताडली गेली त्या वॉरफरिनचे आकडे मी त्याच कागदावर पेनाने लिहिले. डॅबिगॅट्रानच्या री-लाय ट्रायलमध्ये (२००९) १.६९, रिव्हरॉक्सबॅनच्या रॉकेट एएफमध्ये (२०११) २.४. म्हणजे कागदाच्या न्यायाने रॉकेटमधलं वॉरफरिन री-लायमधल्या वॉरफरिनपेक्षा वाईट. औषध तेच!

रुग्ण वेगळे होते. पक्षाघाताचा धोका मोजणारा चॅड्स-टू स्कोअर रॉकेटमध्ये सरासरी ३.५, री-लायमध्ये २.१. हा प्रॉग्नॉस्टिक फॅक्टर, म्हणजे औषध कुठलंही असो, रुग्णाचा धोका मुळातच कमी-जास्त करणारी गोष्ट; तो सगळ्यांना ठाऊक असतो. त्याचा भार ट्रायलमधल्या दोन्ही गटांवर पडतो, म्हणून प्रत्येक औषध आधी आपल्याच ट्रायलमधल्या वॉरफरिनशी ताडलं की तो बराचसा कटून जातो. गुणोत्तरं येतात ०.६६ आणि ०.८८. दुसऱ्याला पहिल्याने भागा: १.३३. कागदावरच्या आकड्यांचा भागाकार १.८९ होता. ही संशोधक बूचर यांची १९९७ची पद्धत.

लोक इथेच थांबतात आणि खरा घोळ इथून पुढे आहे.

शिरोळकडच्या ऊसवाल्याला हे लगेच कळेल. कसदार रानात टनेज जास्त, माळावर कमी. पण दोन्हीकडे शेजारी नेहमीचा ८६०३२ ऊस लावला असेल तर नवी जात किती सरस ते समजतं. रान क्षारपड असलं की हे चालत नाही. फुले २६५ क्षार सोसतो, त्यामुळे ८६०३२शी त्याचं जे अंतर चांगल्या रानात दिसतं ते तिथे राहत नाही. कसाने टनेज बदलतं, क्षाराने दोन जातींमधलं अंतरच बदलतं. हा इफेक्ट मॉडिफायर.

वॉरफरिनच्या बाबतीत असा संशय घ्यावा तो आयएनआरवर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या मापावर. रॉकेटमध्ये आयएनआर २ ते ३च्या पट्ट्यात सरासरी ५५ टक्के वेळ होता, री-लायमध्ये ६४. वॉरफरिन नीट सांभाळलं गेलं नाही तर समोरचं औषध उजवं दिसू शकतं. हे भागाकाराने कटत नाही, कारण ते त्या ०.८८मध्येच मुरलेलं असतं. चॅड्स-टूचा फरक डोळ्यांत भरतो म्हणून सगळे त्यावर बोलतात. मी आधी आयएनआरचा तक्ता उघडतो.

सगळ्यात जास्त चीड येते ती एमएआयसीची, म्हणजे मॅचिंग-अ‍ॅडजस्टेड इनडायरेक्ट कंपॅरिझनची. त्यात आपल्या हाती असलेल्या ट्रायलमधल्या रुग्णांना अशी वजनं देतात की त्यांची सरासरी दुसऱ्या ट्रायलशी जुळावी. पद्धत चांगली आहे. पण वॉरफरिनसारखा सामाईक गट असताना फक्त इफेक्ट मॉडिफायर जुळवायचे असतात. लोक वय, लिंग, वजन, बीपी, सापडेल ते कोंबतात. प्रत्येक जादा घटकागणिक काही रुग्णांचं वजन शून्याकडे जातं आणि हजाराचे शंभर-दीडशेच कामाचे उरू शकतात.

सामाईक गटच नसेल, एकाच गटाची ट्रायल असेल, तर मात्र कटायला काहीच नसतं. तिथे प्रॉग्नॉस्टिकही सगळे जुळवावे लागतात, आणि एखादा मोजलाच गेला नसेल तर तो कुठल्याही वजनाने भरून निघत नाही.