यंत्रं थोडी, रुग्ण फार: डायलिसिसच्या हिशेबाची पार्श्वभूमी

१९६० साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रुग्णाच्या हातातल्या धमनीत आणि शिरेत टेफ्लॉनच्या नळ्या कायमच्या बसवल्या. तोवर डायलिसिसच्या, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करण्याच्या, दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. काही खेपांनंतर जागाच उरत नसे. आता मूत्रपिंडं निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षं जगू शकणार होता, पण यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

१९६२ मध्ये तिथे डायलिसिस केंद्र सुरू झालं. यंत्र कोणाला द्यायचं हे सात जणांची समिती ठरवी: वकील, धर्मगुरू, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक सर्जन. वय, लग्न, मुलंबाळं, मिळकत, शिक्षण, एवढंच काय, समाजाला पुढे किती उपयोग, हेही पाहिलं जाई. माणसं भली असतील, पण मिळकत पाहून श्वास वाटून देणं मला आजही अस्वस्थ करतं.

१९६८ मध्ये अर्थतज्ज्ञ हर्बर्ट क्लारमन आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. माणूस कोण, हे बाजूला ठेवून त्यांनी विचारलं: तेवढ्याच पैशात आयुष्याची जास्त वर्षं कशाने मिळतील, डायलिसिसने की मूत्रपिंड प्रत्यारोपणाने? प्रत्यारोपणानंतरचं एक वर्ष त्यांनी डायलिसिसवरच्या सव्वा वर्षाच्या तोलाचं धरलं, कारण यंत्राला बांधलेलं जगणं आणि मोकळं जगणं सारखं नसतं. पारडं प्रत्यारोपणाकडे झुकलं. आयुष्याची वर्षं अशी दर्जानुसार तोलायची रीत पुढे रुळली. कोणते उपचार सरकारी खर्चाने द्यावेत हे सुचवणारी, १९९९ मध्ये स्थापन झालेली ब्रिटनची 'नाइस' ही संस्था बरीच वर्षं अशा एका वर्षामागे २०,००० ते ३०,००० पौंडांची मर्यादा वापरत होती. अमेरिकेने मात्र १९७२ मध्ये कायदा करून डायलिसिसचा बहुतेक खर्च सरकारवर घेतला.

आपल्याकडे २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, गरिबांना जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस देणारा. उपचारांचं असं मूल्यमापन करणारी केंद्र सरकारची यंत्रणा २०१७ पासूनची. पण या हिशेबात एक बाजू सहज निसटते. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास. वर तालुक्याहून जिल्ह्याला एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी. ही रक्कम सरकारी वहीत येत नाही. ती धरली, तर पुढचं यंत्र जिल्ह्याला द्यायचं की तालुक्याला, याचं उत्तर बदलू शकतं.